निळ्या बॉनेटचा साचा

मागच्या वेळी व्हिडिओवर बोलताना तुम्ही दोघांनी विचारलं होतं, मामा खरंच जुन्या अमेरिकन गाड्यांचे भाग बनवतो का, आणि बनवत असेल तर त्यात आजीचं काय काम. मी हसून विषय बदलला. खरं उत्तर द्यायचं तर निळ्या बॉनेटची हकीकत सांगावी लागली असती, आणि मामा शेजारीच बसला होता. आज तो रेझिन आणायला वापीला गेला आहे. दुपारपर्यंत घर माझं आहे, तेव्हा लिहून काढते.

तलासरीहून उधव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मामाची पत्र्याची शेड आहे, हे तुम्ही पाहिलेलं आहे. तुम्ही लहान असताना तिथे फायबरच्या पाण्याच्या टाक्या आणि होड्यांचे भाग व्हायचे. आता कार्बन फायबरचं काम येतं. कार्बन फायबर म्हणजे काळ्या, चकचकीत धाग्यांचं विणलेलं कापड. ते रेझिन नावाच्या चिकट, वाळून कडक होणाऱ्या द्रवात भिजवून साच्यात थापायचं आणि कडक होऊ द्यायचं. तयार झालेली वस्तू पत्र्याच्या वस्तूइतकीच दणकट असते, पण एका हाताने उचलता येते. जुन्या गाड्यांचे शौकीन त्यासाठी वेडे असतात. साठ-सत्तरच्या दशकातल्या त्या दोन दारांच्या, भल्यामोठ्या इंजिनाच्या गाड्यांना ते मसल कार म्हणतात. इंजिनामुळे गाडीचं नाक जड, म्हणून निदान वरचं बॉनेट तरी हलकं हवं, असं त्यांचं म्हणणं.

माझं काम पत्रव्यवहार. मी कचेरीत तीस वर्षं इंग्रजी पत्रं लिहिली, टाइप केली आणि फायलींना लावली. मामाचं इंग्रजी बोलण्यापुरतं बरं आहे, पण लिहायला बसला की घाम फुटतो. त्यामुळे परदेशातल्या कारखान्यांना ईमेल मी लिहिते, आलेल्या उत्तरांचे प्रिंट काढून तारखेप्रमाणे लावते, आणि शेडमध्ये कोणी काय कधी करायचं त्याचे नियम टाइप करून भिंतीवर चिकटवते. मामा म्हणतो, "आई, आपली शेड आहे की तहसील कचेरी?" मी म्हणते, "तहसील कचेरीत कागद सापडत नाहीत. इथे सापडतात."

तर पुण्याच्या एका ग्राहकाला अशाच एका गाडीसाठी कार्बनचं बॉनेट हवं होतं. त्याचं मूळ बॉनेट गंजून चाळणी झालं होतं. मी अमेरिकेतल्या अकरा ठिकाणी लिहिलं. सहा जणांनी उत्तरच दिलं नाही. दोघांकडे होतं ते पुढच्या वर्षीच्या मॉडेलचं, त्याची पुढची कड दोन बोटं लांब. एकाने सुरेख फोटो पाठवला, काळी वीण अगदी आरशासारखी. मी त्याला नम्रपणे लिहिलं, कृपया खालच्या बाजूचा फोटो पाठवावा. आला. खालून पांढरंफटक. साध्या फायबरवर कार्बनच्या विणीचा छापील कागद चिकटवलेला होता. उरलेल्यांचं म्हणणं एकच: मूळ बॉनेट आम्हाला पाठवा, त्यावरून साचा घेऊन करून देऊ.

मूळ बॉनेट मिळालं तर साचा आपणही घेऊ शकतो, असं मामा म्हणाला. आणि मूळ बॉनेट मिळालं कुठे? घोलवडला. आपल्या घरापासून पाऊण तासावर.

घोलवडला चिकूच्या वाडीत एक इराणी शेठ राहतात. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे. त्यांच्या वडिलांनी मुंबई सोडून जाणाऱ्या एका परदेशी साहेबाकडून गाडी घेतली होती, तीच, त्याच वर्षीची. गर्द निळी. रंग कारखान्यातून आला तोच, पुन्हा कधी मारलेला नाही. शेठ आणि शेठाणी लग्नानंतर त्याच गाडीतून उदवाड्याला अग्यारीत गेले, आणि तेव्हापासून दर वर्षी थंडीत त्याच गाडीने जातात. एरवी गाडी कापडाखाली असते. शेठाणींना आता नीट चालता येत नाही, दुसऱ्या गाडीत चढता-उतरताना त्यांचे गुडघे साथ देत नाहीत. ही गाडी मात्र बुटकी आणि दारं लांब, त्यामुळे त्या सरळ बसू शकतात. त्या वर्षी डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलं होतं. त्यांनी डॉक्टरांनाच नाही म्हटलं.

शेठ आधी बॉनेट द्यायला तयार नव्हते.

"डिकरा, तू माझं बॉनेट नेणार, वर केमिकल ओतणार, मग ते सुटलं नाही तर?" त्यांनी मामाला विचारलं.

"सुटतं शेठ. आधी सहा वेळा मेण लावतो, वर पीव्हीएचा थर मारतो. चिकटायचा प्रश्नच नाही."

"असं सगळेच सांगतात." मग ते माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही बोला. तुम्ही शिकलेल्या आहात, कागदाच्या माणूस आहात. तुम्ही शब्द देता काय?"

मी शब्द दिला. नुसता तोंडी नाही, लेखी दिला. बॉनेट जसं नेलं तसं, ओरखडा न पडता, बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत परत. खाली माझी सही. गुरुवारी सकाळी ते दोघं उदवाड्याला निघणार होते.

आता साच्याचं काम थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मूळ बॉनेटवर आधी मेण चोळतात. मग पीव्हीए नावाचा एक द्रव फवारतात. तो वाळला की सायीसारखा पातळ, हिरवट पापुद्रा होतो. त्यावर जेलकोट म्हणजे साच्याची गुळगुळीत आतली त्वचा. आमच्याकडे ती नारिंगी असते. त्यावर फायबरच्या मॅटचे थर रेझिनमध्ये भिजवून चढवायचे, मागून लाकडी पट्ट्यांचा आधार द्यायचा, आणि सगळं कडक झालं की साचा बॉनेटवरून उचलायचा. तो पापुद्रा मधे असतो म्हणून साचा सुटतो. पापुद्र्याला कुठे बोट जरी लागलं तरी घोटाळा. म्हणून भिंतीवर मी टाइप केलेल्या कागदावर चौथा नियम होता: पीव्हीए मारल्यावर बॉनेटला कोणीही, कोणत्याही कारणासाठी हात लावू नये. 'कोणत्याही कारणासाठी' खाली मी रेघ मारली होती.

हे नाजूक काम करायला झाईचे होडीवाले काका आले होते. त्यांना सगळे होडीवालेच म्हणतात. झाईच्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मामा हे काम त्यांच्याकडूनच शिकला. शुक्रवारी सकाळी काकांनी मेणाचा सहावा हात दिला, पीव्हीए फवारलं आणि ते व मामा जेवायला रस्त्यापलीकडच्या खानावळीत गेले. पापुद्रा वाळायला तेवढा वेळ लागतोच. मी डबा आणला होता, म्हणून शेडमध्येच थांबले.

शेडमध्ये कुठलाही नवा साचा घालायचा तर पूजा मी करते. टाकी असो, होडीचं नाक असो, साच्याच्या बाहेरच्या लाकडी चौकटीला हळदीकुंकू, एक फूल, उदबत्ती. तुमच्या आजोबांच्या वेळेपासून चालत आलेलं. त्या दिवशी चौकट नव्हतीच. घोड्यावर, म्हणजे लाकडी तिवईवर, आडवं ठेवलेलं नुसतं बॉनेट होतं. आणि गाडीच्या बॉनेटवर आपण काय काढतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. तुमच्या बाबांनी तिकडे पहिली गाडी घेतली तेव्हा मीच फोनवरून सांगितलं होतं, आधी बॉनेटवर स्वस्तिक काढ, मग किल्ली फिरव.

मी वाटीत कुंकू पाण्याने कालवलं आणि निळ्या बॉनेटच्या बरोबर मध्यावर स्वस्तिक काढलं. हात जोडले. मग वाटलं, हे लाल साच्याला लागलं तर मुलगा चिडेल. म्हणून पदराचं टोक ओलं करून नीट घासून पुसलं. पदराला लालसोबत थोडं हिरवट लागलं. मी ते पाहिलं. इतकंच वाटलं की कसलासा रंग असेल.

मुलांनो, तुम्ही विचाराल, चौथा नियम? खरं सांगते, तो नियम माझ्या डोळ्यांसमोर भिंतीवर होता आणि एक क्षणही मला वाटलं नाही की मी तो मोडते आहे. देवाचं करणं याला मी हात लावणं समजतच नव्हते.

दोघे जेवून आले. निळ्यावर हिरवा पापुद्रा तसाही दिसत नाही. काकांनी ब्रशने नारिंगी जेलकोट चढवला आणि माझं बोट फिरलेली जागा झाकली गेली.

बुधवारी सकाळी साचा सोडवायचा होता. मी बॉनेट परत करायचा कागद टाइप करून आणला होता, शेठची सही घेण्यासाठी. मामाने कडेने लाकडी पाचर सरकवली आणि काकांनी रबरी हातोड्याने हळूच मारली. टक् असा आवाज आला आणि कड सुटली. दुसरी बाजू सुटली. मामा खूश. "शेठना फोन कर आई, दुपारीच न्या म्हणावं."

मी फोन केला.

मग बॉनेटच्या मध्यावर येऊन सगळं थांबलं. चारी कडा बोटभर उचलल्या गेल्या होत्या, पण साचा मध्ये कुठेतरी धरून बसला होता. पाचर आणखी आत घातली की निळा पत्रा वाकताना दिसायचा. मामाने हात काढून घेतला.

"मधे पकडलंय," काका म्हणाले. त्यांनी खिशातून रुपयाचं नाणं काढून साच्याच्या पाठीवर ठिकठिकाणी वाजवलं. सुटलेल्या जागी पोकळ वाजतं, चिकटलेल्या जागी बद्द. पण मागे लाकडी पट्ट्या होत्या, त्यामुळे मधला सगळा भाग बद्दच वाजत होता.

"पाणी ओतू," मामा म्हणाला. "आई, कोमट पाणी ठेव. खूप लागेल."

"पाणी कशाला?"

"पीव्हीए पाण्यात विरघळतं ना. फटीतून पाणी आत गेलं की पापुद्रा विरघळतो, साचा सुटतो."

मी पातेलं शेगडीवर ठेवलं. पाण्यात विरघळतं. ते वाक्य मी मनात दोनदा म्हटलं. पदराचं ओलं टोक. हिरवट डाग.

मला सगळं कळलं तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, म्हणून आठवतं.

पहिलं पातेलं ओतलं. काही झालं नाही. दुसरं ओतलं. खालून हिरवट पाणी ठिबकत होतं, म्हणजे बाकी सगळीकडे पापुद्रा विरघळत होता. मध्य ढिम्म. मामाचा आवाज चढला.

"काका, मधे फवारा कमी मारलात तुम्ही."

काकांनी वर पाहिलं. "माझा हात तसा नाय भाऊ."

"मग चिकटलं कसं? आपोआप?"

"तीस वरसात एक होडी चिकटली नाय माझी."

"होडी वेगळी काका! होडीला कोणी ओरखडा मोजत नाही. ही शेठची..." काकांनी रबरी हातोडा खाली ठेवला, अगदी हळू, आणि बाहेर जाऊन बाकावर बसले. पत्र्याच्या भिंतीतल्या फटीतून मला त्यांची पाठ दिसत होती.

मी तिसरं पातेलं भरलं. तुम्हाला वाटेल, आजीने लगेच सांगितलं असेल. नाही सांगितलं. मी मनाशी म्हणत होते, या पाण्याने सुटेल, मग सांगायची गरजच पडणार नाही. ज्या माणसाला मी पंचवीस वर्षं ओळखते, त्याच्यावर माझ्यासमोर आळ येत होता आणि मी पाणी कोमट होण्याची वाट बघत होते.

तिसऱ्या पातेल्यानेही सुटलं नाही. मामाने वरच्या तुळईला लटकलेली चेन पुली खाली घेतली. साच्याला हुक अडकवून वर ओढायचं, असं त्याने ठरवलं. मला गाड्यांतलं कळत नाही, पण इतकं कळत होतं की साचा सुटला नाही तर पत्रा वाकेल, आणि सुटला तर निळा रंग सोलून वर जाईल.

"थांब," मी म्हटलं. "काकांना आत बोलाव."

"आई, आता वेळ नाही."

"बोलाव. दोघांना एकदमच सांगायचं आहे."

काका दारात येऊन उभे राहिले, आत आले नाहीत. मी सांगितलं. वाटी, कुंकू, पाणी, पदर. बॉनेटच्या मध्यापासून इतकं खाली, माझ्या पंजाएवढी जागा. हात हवेत धरून दाखवलं. बोलताना माझा आवाज कचेरीत बैठकीचे मिनिट्स वाचून दाखवल्यासारखा निघत होता. तो थांबवणं मला जमेना.

मामाने भिंतीवरच्या नियमांकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि ते मला पाहण्यापेक्षा जास्त लागलं. चेन हातातून सोडून दिली, ती खडखडत लोंबकळत राहिली.

काका मात्र आत आले. "बाई, पुसायची तरी नव्हती," ते म्हणाले. "कुंकू दिसलं असतं तर मी परत फवारा मारला असता. मी काय ओरडलो असतो काय तुमच्यावर?" मग मामाकडे वळून, "भाऊ, आता तुझ्या काकाचा हात कसाय?"

"चुकलं काका," मामा म्हणाला.

"मग चेन बांधून ठेव. जागा कळली, आता ओढायचं नाय. कापायचं."

साच्याच्या पाठीतून, त्या जागेभोवती चौकोन कापायचा. चौकोन बॉनेटवरच राहील, बाकीचा साचा सुखरूप उचलता येईल, मग त्या तुकड्याचं पाहू. ऐकायला सोपं. पण साचा बोटभरही जाड नाही आणि त्याच्या खाली थेट निळा रंग. ग्राइंडरची पात एक केस जास्त खाली गेली तर पत्र्यावर कायमची रेघ.

"कुठे थांबायचं ते कळणार कसं?" मी विचारलं.

"भुकटी सांगते. वरचं फायबर आहे तोवर पांढरी उडते. नारिंगी उडाली की जेलकोट लागला. तिथं थांबायचं. कुजलेल्या होड्या अशाच कापतो आम्ही."

काकांनी तोंडाला फडकं बांधलं आणि ग्राइंडर सुरू केला. मामा बॅटरी धरून वाकला. मी कुंकू काढलं होतं तिथे खडूने चौकोन आखून दिला, दोन्ही बाजूंनी पट्टीने मोजून. पहिली बाजू पांढरी, पांढरी, पांढरी. मग एकदम नारिंगी, आणि काकांनी हात उचलला. दुसरी बाजू.

तिसरी बाजू चालू असताना बाहेर टेम्पो थांबला. शेठ आले होते. पाचला नाही, पावणेबाराला. मीच सकाळी फोन केला होता ना, दुपारीच न्या म्हणून.

सोबत बॉनेट उचलायला दोन माणसं, हातात दुमडलेली गोधडी. ते दारात आले आणि त्यांना दिसलं काय, तर त्यांच्या बॉनेटवर चालणारा ग्राइंडर.

"अरे! अरे, शूं करो छो!"

काकांनी हात उचलला नाही. मध्येच उचलला असता तर पात पुन्हा त्याच खाचेत नीट बसली नसती. मी शेठच्या आणि घोड्याच्या मध्ये जाऊन उभी राहिले. मी कुणाच्या वाटेत अशी कधी उभी राहिले नव्हते.

"शेठ, दोन मिनिटं बोलू नका. त्यांचा हात हलेल."

ते थांबले. गोधडी छातीशी धरून उभे राहिले. मी त्यांना तिथेच, हलक्या आवाजात सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा सोपं नसतं, मुलांनो. ते माझ्याकडे पाहत नव्हते. माझ्या खांद्यावरून भुकटीकडे पाहत होते.

"नारिंगी झाली की थांबणार ने?" त्यांनी विचारलं.

"हो."

चौथी बाजू नारिंगी झाली. ग्राइंडर बंद झाला आणि शेडमध्ये इतकी शांतता झाली की टेम्पोवाल्याच्या मोबाइलवरचं गाणं ऐकू आलं. चौकोनाच्या कडेला उरलेला जेलकोट काकांनी पटाशीने, दाढीचं पातं फिरवावं तसा, रेघ रेघ करून तोडला. मग मामाने आणि त्यांनी दोन्ही बाजूंनी धरून साचा उचलला. सहज आला. मध्ये चौकोनी खिडकी पडलेला. निळं बॉनेट खाली स्वच्छ, आणि मध्यावर पंजाएवढा नारिंगी तुकडा.

तो तुकडा निघायला दीड तास लागला. मी कोमट पाणी चमच्याने कडेला सोडत होते, मामा केस वाळवायच्या मशीनने तुकडा शेकत होता, काका प्लॅस्टिकची पट्टी सरकवत होते. शेठना मी खुर्ची दिली. ते बसले नाहीत. एकदा कोपरा वर आला, पुन्हा बसला. मामाच्या मानेवरून घाम ओघळून बॉनेटवर पडला आणि आम्ही चौघंही एकदम त्या थेंबाकडे पाहत राहिलो. शेवटी काकांनी पट्टी फिरवली, कागद फाटल्यासारखा बारीक आवाज झाला आणि तुकडा त्यांच्या हातात आला.

शेठ वाकले. खिशातून चष्मा काढून लावला.

रंग होता. सगळीकडे होता, फक्त एका जागी करंगळीच्या नखाएवढा टवका गेला होता आणि खालचा राखाडी थर दिसत होता. बाकी पत्रा सरळ, ओरखडा नाही.

मी टाइप करून आणलेला कागद टेबलावर होता. त्यात लिहिलं होतं, 'बॉनेट कोणतेही नुकसान न होता परत मिळाले.' मी तो उचलला, ते वाक्य खोडलं आणि हाताने लिहिलं की मध्यभागी रंगाचा टवका गेला, चूक माझी. खाली सही केली. शेठनी वाचून घडी घातली आणि खिशात ठेवली. स्वतः सही केली नाही.

"घरी मी नाही सांगणार," ते म्हणाले. "तुम्ही येऊन सांगा."

म्हणून आम्ही मामाच्या गाडीने टेम्पोमागून घोलवडला गेलो. मामाने आणि काकांनी वाडीतल्या गॅरेजात बॉनेट गाडीला बसवलं, चार बोल्ट, पुन्हा पुन्हा उघडून लावून फटी सारख्या करून. शेठाणी चाकाच्या खुर्चीतून बाहेर आल्या, गाडीजवळ गेल्या आणि मी काही बोलायच्या आत त्यांचं बोट बरोबर त्या टवक्यावर गेलं.

"आ शूं छे?"

मी तिसऱ्यांदा सांगितलं. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या, मधेच म्हणाल्या, "बेन, पूजा करताना मागितलं काय होतं?"

"हेच. साचा नीट सुटू दे."

त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला आणि शेठना पाणी आणायला जावं लागलं. मग त्या मला म्हणाल्या, उद्या अग्यारीत तुमच्यासाठीही मागू, पण कुंकू नाही हो, चंदन.

शेठ पाणी घेऊन आले. ते हसले नव्हते. त्यांनी हातरुमालाने बॉनेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसलं, टवक्यापाशी थांबले आणि मला म्हणाले, "बाई, तुम्ही खरं सांगितलं, ते चांगलं केलं. नखाएवढं आहे, दुसऱ्या कोणाला दिसणार पण नाही. पण मी पंचावन्न वर्षं हे बॉनेट बघतो. आता मला तेवढंच दिसणार."

रंग मिसळून तेवढी जागा भरून देऊ, असं मामा म्हणाला. शेठ नको म्हणाले. कारखान्याच्या रंगावर दुसऱ्याचा हात नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघं उदवाड्याला गेले आणि संध्याकाळी सुखरूप परत आले, हे मला चिकूच्या गाडीवाल्याकडून कळलं. शेठनी कळवलं नाही. साच्यातली खिडकी काकांनी आठवडाभर घासून भरली, त्यातून काढलेलं कार्बनचं बॉनेट पुण्याला गेलं, आणि ग्राहकाचं छान पत्र आलं. मामाने ते मला फायलीत लावायला दिलं, तेव्हा त्या बुधवारनंतर पहिल्यांदा तो माझ्याशी कामाव्यतिरिक्त दोन वाक्यं बोलला. काका मात्र त्याच संध्याकाळी घोलवडहून परतताना मामाच्या गाडीत माझ्या शेजारी बसले होते आणि झाईच्या फाट्यापर्यंत मला होडीला कुंकू कुठे लावतात ते समजावून सांगत होते. नाकाला, बाहेरून, आणि तेही समुद्रात उतरवताना. आधी नाही.